एक फ्लाइट डायरेक्टर बंद, दुसरा चालू

पार्श्वभूमी

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-६०५ दुपारी एकच्या सुमारास बेंगळुरूच्या एचएएल विमानतळावर उतरायच्या बेतात होतं. हवा स्वच्छ होती, धावपट्टी डोळ्यांसमोर होती, दोन्ही इंजिनं ठणठणीत होती. तरीही विमान धावपट्टीच्या सुमारे २,३०० फूट अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकलं, उसळलं, पुढच्या बांधाला धडकलं आणि पेटलं. विमानात १४६ जण होते. त्यांतले ९२ गेले, दोन्ही वैमानिकही त्यांत होते.

विमान होतं एअरबस ए-३२०, जेमतेम दोन महिन्यांपूर्वी ताफ्यात आलेलं. हा प्रकारच तेव्हा नवा होता. जगात पहिल्यांदा तो प्रवासी सेवेत आला १९८८ मध्ये आणि इंडियन एअरलाइन्सकडे १९८९ मध्ये. कंपनीचे वैमानिक तोवर बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३०० उडवत आले होते. नव्या कॉकपिटमध्ये काट्यांच्या जागी पडदे आले, दोन पायांमधल्या कंट्रोल कॉलमच्या जागी बाजूला छोटी साइडस्टिक आली आणि वैमानिकाचा हात व पंख यांच्या मध्ये संगणक येऊन बसले.

कॉकपिटमध्ये दोघेही कॅप्टन होते. डावीकडचे कॅप्टन विमान उडवत होते. ए-३२० वर कमांड मिळण्यासाठी जे रूट चेक द्यावे लागतात, त्यांतला त्यांचा हा पहिला. उजवीकडे बसलेले कॅप्टन चेक पायलट, म्हणजे परीक्षकही तेच आणि त्या उड्डाणाचे प्रमुखही तेच. दोघांच्याही गाठीला हजारो तास होते, पण ए-३२० वरचे तास त्या मानाने अगदी थोडे. नावं इथे मुद्दाम टाळली आहेत. प्रश्न त्या दोन माणसांपुरता नव्हता, हे २३ वर्षांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्या कारखान्याच्या विमानात दिसून आलं. त्याकडे पुढे येतोच.

आधी विमानाची बाजू

विमान खाली येत असताना त्याचा वेग दोन गोष्टींनी सांभाळता येतो: नाक वर-खाली करून किंवा इंजिनांची ताकद कमी-जास्त करून. ए-३२० मध्ये इंजिनांची ताकद ऑटोथ्रस्ट पाहतो. तो ‘स्पीड’ मोडमध्ये असला तर ठरवून दिलेला वेग धरून ठेवतो. वेग घटायला लागला की ताकद वाढवतो, वाढायला लागला की कमी करतो. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात हाच मोड हवा.

‘ओपन डिसेंट’ची गोष्ट वेगळी. त्यात इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, जातात आणि वेग सांभाळायचं काम नाकाकडे येतं. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की वेग उताराच्या हाती जातो, तसं. पंचवीस-तीस हजार फुटांवरून खाली यायला हा मोड छान आहे. जमिनीजवळ मात्र तो घातक ठरतो, कारण तिथे वैमानिक नाक धरतो ते धावपट्टीच्या हिशेबाने, वेगाच्या नव्हे. विमान थोडं खाली जातंय असं वाटलं की तो नाक वर घेतो. इंजिनं आयडलवर आणि नाक वर, अशा स्थितीत वेग कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

आता फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे वैमानिकांच्या बोलण्यातला एफडी. दोघांच्या पुढ्यात एकेक असतो. पडद्यावरच्या रेघांनी तो सांगतो की नाक इथे आणा. ऑटोपायलट बंद करून हाताने उडवत असतानाही रेघा दिसत राहतात. यंत्रणेचा हिशेब असा की, दोनांपैकी एक जरी एफडी चालू असला तर कोणीतरी त्या रेघांप्रमाणे नाक सांभाळत आहे, असं ती धरून चालते. ओपन डिसेंटमध्ये रेघा ‘वेग राखण्यापुरतं नाक खाली घ्या’ असं सांगत असतात, तेव्हा इंजिनांना आयडलवरून हलायचं कारण नाही. दोन्ही एफडी बंद केले की नाकाला सांगणारं कोणी उरत नाही, आणि मग ऑटोथ्रस्ट आपणहून ‘स्पीड’ मोडमध्ये येतो.

कागदावर हा तर्क चोख आहे. डिझाइन करणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिलं तर दुसरं काही करणंच चुकीचं ठरलं असतं. पण प्रशिक्षणात तो येतो तो बहुधा कृती म्हणून: ‘व्हिज्युअल अप्रोचला (धावपट्टी डोळ्यांनी बघत उतरताना) दोन्ही एफडी ऑफ’. का ऑफ, एकच ऑफ केला तर काय होईल, हे कृतीत लिहिलेलं नसतं.

आणखी एक. ए-३२० मध्ये ऑटोथ्रस्ट ताकद कमी-जास्त करतो तेव्हा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांची ताकद ठरवणाऱ्या दांड्या, जागच्या हलत नाहीत. जुन्या विमानांत ऑटोथ्रॉटलबरोबर (हेच काम करणारी यंत्रणा) लिव्हर मागे-पुढे सरकत. हात त्यांवर ठेवलेला असला की इंजिनं आयडलवर आहेत हे न बघताही तळव्याला कळायचं. नव्या विमानात ते कळायचं ते पडद्यावरूनच: इंजिनांच्या आकड्यांवरून, आणि मुख्य पडद्याच्या माथ्यावरच्या एफएमए नावाच्या अरुंद पट्टीवरून. यंत्रणा या घडीला कोणत्या मोडमध्ये आहे, हे ती पट्टी सांगते. इतकी महत्त्वाची माहिती इतक्या बारीक अक्षरांत का, हा प्रश्न नवख्याला पडतो. जुन्या माणसाला तो पडेनासा होतो, आणि हेच वाईट.

पेच कसा तयार झाला

बेंगळुरूला त्या दिवशी अप्रोच व्हीओआर-डीएमईचा, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडून दिशा आणि अंतर घेत येण्याचा होता, आणि धावपट्टी दिसल्यावर तो व्हिज्युअल झाला. या प्रकारात उतरणीचा कोन दाखवणारा ग्लाइड स्लोप नसतो. तो असला की ऑटोपायलट त्याला धरतो आणि ऑटोथ्रस्ट आपोआप स्पीड मोडमध्ये राहतो, वैमानिकाला उंचीचे मोड हाताळावे लागत नाहीत. तो नसला की व्हर्टिकल स्पीड, अल्टिट्यूड, ओपन डिसेंट अशी हातांनी निवड करत खाली यावं लागतं. ऑटोमेशनची खरी परीक्षा ढगांत किंवा वादळात होते अशी सर्वसाधारण समजूत असते. या प्रकारचे अपघात मात्र निरभ्र दुपारी झालेले दिसतात, कारण सोप्या हवामानात माणूस मोड बदलत-बदलत खाली येतो.

धावपट्टी जवळ आल्यावर डावीकडच्या कॅप्टननी मिनिटाला ७०० फूट या दराने खाली येण्याचा उल्लेख केल्याचं कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरवर आहे. हे हवं असेल तर समोरच्या पॅनेलवरचा व्हर्टिकल स्पीडचा नॉब फिरवायचा. त्याच्या शेजारी अल्टिट्यूडचा नॉब. तिथे ७०० गेलं असेल तर विमानाला आज्ञा मिळाली ती ‘समुद्रसपाटीपासून ७०० फुटांवर जा’ अशी. बेंगळुरूचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट उंच. म्हणजे विमानाला जमिनीच्या पोटात जायला सांगितलं गेलं, आणि तेही ओपन डिसेंटने. नॉबची ही अदलाबदल हा सर्वांत जास्त चर्चिला गेलेला तर्क आहे. सिद्ध मात्र तो झालेला नाही. ऐन शेवटच्या टप्प्यात ओपन डिसेंट का लागला हे निश्चित करणं शक्य नाही, असंच चौकशीच्या निष्कर्षात नोंदलं आहे.

माझ्या मते नॉबवर नको तेवढी शाई खर्च झाली. मोड चुकीचा लागणं ही रोजची गोष्ट आहे, वैमानिक ती दहा वेळा दुरुस्त करतात. तो लागलाय हे कळूनसुद्धा इंजिनं आयडलवरच का राहिली, हे जास्त गहन आहे.

शेवटचं अर्ध मिनिट

रेकॉर्डरवरचा क्रम असा. उजवीकडचे कॅप्टन म्हणतात की इतका वेळ तुम्ही आयडल ओपन डिसेंटमध्येच खाली येत आहात. म्हणजे त्यांनी नेमकं निदान केलं. मग ते विचारतात, एफडी आता बंद करायचे का? डावीकडचे कॅप्टन होकार देतात, आपला आधीच बंद केलाय असं सांगतात. त्यावर उजवीकडचे: पण माझा नाही केला.

एकीकडे रेडिओ अल्टिमीटरचा आवाज उंची मोजत होता: चारशे, तीनशे, दोनशे. उतरण्याचा दर जास्त आहे हा इशाराही आला. ऑटोपायलट अजून चालू आहे का, असं विचारलं गेलं, आणि बंद आहे असं उत्तर मिळालं. मग एक आवाज येतो, अहो, आपण खाली चाललोय.

अप्रोचचा ठरलेला वेग होता १३२ नॉट. तो घसरत घसरत १०६ वर आला.

त्या क्षणी कोणते पर्याय होते

चार होते, आणि चारही कॉकपिटमध्ये हाताच्या अंतरावर होते.

पहिला पर्याय, उजवीकडचा एफडी बंद करणं. एक बटण. दोन्ही बंद झाले असते तर ऑटोथ्रस्ट स्पीड मोडमध्ये आला असता आणि इंजिनांनी ताकद घ्यायला सुरुवात केली असती. चेक पायलट स्वतःच ते दाबू शकत होते. त्यांनी ते का दाबलं नाही? परीक्षा चालू होती. परीक्षार्थीच्या लक्षात येतं का हे पाहायचं, लगेच हात घालायचा नाही, ही परीक्षकाची जुनी सवय. दोन-तीन हजार फुटांवर ती चांगली सवय आहे. तीनशे फुटांवर तिला वेळ नसतो. हे अर्थात माझं वाचन आहे. त्यांच्या मनात काय होतं हे सांगायला ते उरले नाहीत.

दुसरा, व्हर्टिकल स्पीडचा नॉब ओढून मोडच बदलणं. त्यानेही ऑटोथ्रस्ट स्पीडमध्ये आला असता. पण नजर पॅनेलवर न्यावी लागली असती, आणि त्या उंचीवर नजर बाहेर हवी.

तिसरा, यंत्रणेशी हुज्जत न घालता लिव्हर हाताने पुढे ढकलणं. जुन्या विमानात कोणीही हेच केलं असतं आणि त्यासाठी विचारही करावा लागला नसता. इथे विचार करावा लागला, कारण लिव्हर ‘ऑटोथ्रस्टची जागा’ म्हणून ठरलेल्या खाचेत ठेवून विसरून जायच्या असतात. हाताची सवय मोडलेली होती आणि नवी सवय अजून बसलेली नव्हती.

चौथा, गो-अराउंड. लिव्हर टोगावर, म्हणजे पूर्ण पुढे, आणि पुन्हा वर. रूट चेकच्या पहिल्याच उड्डाणात, स्वच्छ हवेत, धावपट्टी समोर असताना गो-अराउंड करणं माणसाला जड जातं. त्यात अपयशाचा वास येतो. तो येऊ नये अशी व्यवस्था कंपन्यांनी पुढच्या काळात करायचा प्रयत्न केला आहे, पण १९९० मध्ये ठरावीक उंचीवर वेग, उतार आणि इंजिनांची ताकद जुळलेली नसेल तर निमूट वर जायचं, हा नियम आजच्याइतका रुळलेला नव्हता.

या चारांत मी तिसरा निवडला असता. कारण तो एकच पर्याय असा आहे, ज्यासाठी यंत्रणा आत्ता काय विचार करतेय हे कळावं लागत नाही.

प्रत्यक्ष कृती आणि परिणाम

लिव्हर पुढे गेल्या, पण जमीन दीडशे फुटांच्याही आत आली होती. पंखांचा समोरच्या हवेशी असलेला कोन धोक्याचा होऊ लागला की विमान आपणहून पूर्ण ताकद देतं. ‘अल्फा फ्लोअर’ नावाचं ते संरक्षणही जवळपास त्याच सुमारास जागं झालं. लिव्हर आणि हे संरक्षण, दोन्हींना उशीर झाला होता. आयडलवर असलेलं जेट इंजिन पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद घेतं. विमान प्रमाणित करतानाच्या नियमांत यासाठी आठ सेकंद धरलेले आहेत. साइडस्टिक मागे खेचली गेली, विमानाच्या संगणकांनी कोन मर्यादेत ठेवला, विमान स्टॉल झालं नाही, म्हणजे पंखांची उचल तुटली नाही. ते फक्त खाली बसत गेलं.

त्यानंतर सरकारने इंडियन एअरलाइन्सचा सगळा ए-३२० ताफा अनेक महिने जमिनीवर ठेवला. देशात वाद पेटला तो ठरलेल्या दोन बाजूंनी: विमानच सदोष, की वैमानिकच चुकले? न्यायालयीन चौकशीने वैमानिकांकडे बोट दाखवलं. आयडल ओपन डिसेंटमध्ये आहोत हे ठाऊक असून आणि चारशे, तीनशे, दोनशेच्या हाका ऐकूनही परिस्थितीचं गांभीर्य त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि लिव्हर पुढे नेण्याची योग्य कृती त्यांनी तात्काळ केली नाही, असा तो निष्कर्ष.

वाक्य खरं आहे. पण ‘ठाऊक असून’ या शब्दांपाशी मी अडकतो. मोडचं नाव ठाऊक होतं, हे रेकॉर्डर सांगतो. त्या मोडमध्ये एक एफडी चालू राहिला तर इंजिनं कधीच जागी होणार नाहीत, आणि आत्ता तेच चाललंय, हेही ठाऊक होतं का? ‘पण माझा नाही केला’ हे वाक्य तक्रारीच्या सुरात आहे, धोक्याच्या नाही. नियमाची कृती अर्धी राहिली, एवढंच त्यात ऐकू येतं. अर्धी राहिल्यामुळे वेग निराधार झालाय, हे नाही.

२३ वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्को

६ जुलै २०१३ रोजी सेऊलहून आलेलं एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्कोच्या २८-एल धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्रभिंतीला शेपटीने धडकलं. विमानात ३०७ जण होते, तिघे गेले. हवा स्वच्छ. ग्लाइड स्लोप धावपट्टीच्या कामामुळे बंद. डावीकडे या प्रकारच्या विमानावर ५० तासही न झालेला, पण एकूण अनुभव दांडगा असलेला कॅप्टन. उजवीकडे प्रशिक्षक म्हणून पहिलंच उड्डाण करणारा कॅप्टन. वाचताना अंगावर काटा येतो, इतकं हे सगळं बेंगळुरूसारखं आहे.

विमान उंच राहिलं होतं. ते खाली आणायला डावीकडच्या वैमानिकाने ‘फ्लाइट लेव्हल चेंज’ हा लावलेल्या उंचीकडे नेणारा मोड निवडला. पण गो-अराउंडसाठी उंची ३,००० फूट लावून ठेवलेली होती, त्यामुळे विमान वर जायला निघालं. त्याने ऑटोपायलट काढला आणि थ्रॉटल स्वतः आयडलवर ओढले. त्या मोडमध्ये असं केलं की ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’वर जातो: चालू आहे असं दिसतं, पण थ्रॉटलला हात लावत नाही. वैमानिकाची समजूत, वेग ऑटोथ्रॉटल पाहतोय. ठरलेला वेग १३७ नॉट होता, तो १०३ पर्यंत घसरला.

आणि मग तो तपशील, ज्यासाठी हे प्रकरण इथवर आणलं. एफडी बंद करताना दोन्ही एकाच वेळी बंद झाले नाहीत, एक चालू राहिला. दोन्ही एकदम बंद झाले असते तर ७७७ मध्येही ऑटोथ्रॉटल स्पीड मोडमध्ये येऊन वेग सांभाळला असता, असं अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१४ च्या अहवालात म्हटलं आहे.

बेंगळुरूनंतर अनेकांचा रोख न हलणाऱ्या लिव्हरवर होता. बोइंगमध्ये त्या हलतात, म्हणून तिथे असं होणार नाही, असा सूर असे. सॅन फ्रान्सिस्कोने तो युक्तिवाद निदान अर्धा तरी निकालात काढला. थ्रॉटल तिथे आयडलवर दिसत होते, हाताखाली होते, खुद्द वैमानिकानेच तिथे आणले होते. डोळ्यांना आणि हाताला सगळं कळत होतं. ‘यंत्रणा वेळेवर जागी होईल’ ही डोक्यातली समजूत मात्र चुकीची होती.

ती समजूत आली कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. हा वैमानिक त्याआधी ए-३२० वर कॅप्टन होता, म्हणजे अल्फा फ्लोअर असलेल्या विमानावर. ७७७ मध्येही वेग फार घटला तर ऑटोथ्रॉटल आपोआप जागा होण्याची सोय आहे. फक्त होल्डमध्ये असताना ती चालत नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात एका प्रशिक्षकाने या वागण्याविषयी सावध केल्याचंही तपासात पुढे आलं. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे बोइंग ७८७ च्या प्रमाणीकरणाच्या वेळी अमेरिकी नियामकाच्या चाचणी वैमानिकाला हेच वागणं खटकलं होतं, युरोपच्या नियामकानेही सुधारणा सुचवली होती, आणि त्यातून ७८७ च्या पुस्तिकेत एक टीप आली होती. चाचणी वैमानिक जिथे चकित होतो, तिथे नवख्या कॅप्टनने टीप वाचून शहाणं व्हावं, ही अपेक्षा मला पटत नाही. एनटीएसबीनेही वैमानिकांच्या चुकांबरोबर यंत्रणेची गुंतागुंत आणि पुस्तिका व प्रशिक्षणातलं तिचं अपुरं वर्णन, ही कारणं अपघाताच्या घटकांत नोंदली.

वैमानिक हे शिकतात तरी कसे

टाइप रेटिंगचा, म्हणजे एखाद्या प्रकारचं विमान उडवायचा परवाना मिळवण्याचा, रस्ता ठरलेला आहे. आधी संगणकावर धडे, मग सिम्युलेटर, मग प्रवाशांसह प्रत्यक्ष मार्गावर प्रशिक्षकाच्या शेजारी बसून उड्डाणं. पहिल्या दोन टप्प्यांत मोडची नावं, बटणं आणि क्रम येतात. सिम्युलेटरचे तास इंजिन बंद पडणं, आग, उड्डाण सोडून देणं अशा सक्तीच्या सरावांनी भरलेले असतात. यंत्रणा का तशी वागते हे समजून घेण्यासाठी निवांत वेळ कोणत्याच टप्प्यात नसतो. ते येतं तिसऱ्या टप्प्यात, आणि येतं ते एखाद्या दचक्याने. विमान काहीतरी अनपेक्षित करतं, दोघे एकमेकांकडे बघतात, एकाला आठवतं, दुसरा म्हणतो, अरे हो. त्या ‘अरे हो’तून वैमानिकाचं खरं ज्ञान तयार होतं. आठ हजार फुटांवर तसं झालं तर तो किस्सा होतो.

अमेरिकेत अर्ल वीनर यांनी नासासाठी बोइंग ७५७ च्या वैमानिकांचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८९ मध्ये आला, बेंगळुरूच्या आदल्याच वर्षी. ऑटोमेशन अजूनही आम्हाला चकित करतं, असं त्यांतल्या कितीतरी वैमानिकांनी सांगितलं होतं. पुढे नदीन सार्टर आणि डेव्हिड वुड्स यांनी सिम्युलेटरमध्ये वैमानिकांना नेहमीपेक्षा जरा वेगळ्या प्रसंगांत टाकून पाहिलं. रोजच्या कामात तरबेज असलेल्यांच्याही समजुतीत भोकं निघाली. अस्वस्थ करणारा भाग पुढचाच: भोकं आहेत हे त्या वैमानिकांना स्वतःला ठाऊक नव्हतं. कारण रोज तेच चार-पाच मोड वापरले की उरलेल्या मोडविषयीची चुकीची समजूत वर्षानुवर्षं सुखाने नांदू शकते. तिला धक्का लागत नाही.

म्हणून हजारो तासांचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही, प्रसंगी आडही येतो. बेंगळुरूचे दोघे जुन्या विमानांतले हात घेऊन आले होते, सॅन फ्रान्सिस्कोचा कॅप्टन ए-३२० चा भरवसा घेऊन आला होता.

काय वेगळं करता आलं असतं

डिझाइनच्या बाजूने सर्वांत सोपी गोष्ट अशी की, जमिनीपासून हजारभर फुटांच्या आत, चाकं आणि फ्लॅप खाली असताना, ठरलेल्या वेगापेक्षा विमान हळू होत चाललं आणि इंजिनं आयडलवर असतील, तर यंत्रणेने मोडचा तर्क बाजूला ठेवून मोठ्याने ओरडावं. कमी ऊर्जेचा इशारा या नावाने अशा सोयी पुढे आल्या, एअरबसमध्ये तर ‘स्पीड, स्पीड’ असा आवाजच आला. हे उपाय चांगले आहेत, पण ते शेवटच्या क्षणाचे आहेत.

कंपन्यांच्या बाजूने एफएमएवर मोड बदलला की तो मोठ्याने वाचायचा, ही शिस्त अनेक ठिकाणी आली. तिचा उपयोग होतो. पण बेंगळुरूच्या रेकॉर्डरवर मोड मोठ्याने म्हटला गेलाच होता. नाव उच्चारण्यापाशी थांबलं तर ती पाठांतराची शिस्त होते. ‘ओपन डिसेंट’च्या जागी ‘इंजिनं आयडल, वेग नाकावर’ असं म्हणायची सवय लावली तर तेच तीन सेकंद जास्त कामाचे ठरतील असं मला वाटतं. एअरबसच्या आजच्या सूत्रांतही एफएमए सतत समजून घेणं आणि अपेक्षेप्रमाणे घडत नसेल तर स्वतः ताबा घेणं, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. दुसरी पहिलीवर अवलंबून ठेवू नये, एवढीच माझी भर. समजलं नाही तर आधी लिव्हर पुढे, चर्चा वर गेल्यावर.

चेक पायलटच्या भूमिकेबद्दलही स्पष्ट आकडा हवा. ज्या उंचीच्या खाली परीक्षक परीक्षक राहत नाही, फक्त दुसरा वैमानिक होतो, ती उंची उड्डाणाआधीच दोघांनी मोठ्याने ठरवून घ्यावी. मी ती हजार फूट ठेवीन. पाचशे म्हणणारेही आहेत. ते म्हणतात, हजार फुटांपासून हात घातला तर माणूस शिकणार कधी? त्यात तथ्य आहे, पण पाचशे फुटांपासून जमिनीपर्यंत पाऊण मिनिटही मिळत नाही, आणि दोष ओळखायला, बोलायला आणि हात हलायला त्यांतलं निम्मं जातं.

राहतं सिम्युलेटर. एक छोटा सराव रूपांतर प्रशिक्षणात सहज बसतो. ग्लाइड स्लोप नसलेला अप्रोच, स्वच्छ हवा, ओपन डिसेंट, ऑटोपायलट बंद, आणि प्रशिक्षकाने एकच एफडी बंद ठेवायचा. वैमानिकाला काही सांगायचं नाही, वेग किती खाली येईपर्यंत त्याचा हात हलतो ते बघायचं. मग तीच खेप पुन्हा, दोन्ही एफडी बंद ठेवून, म्हणजे इंजिनं आपोआप उठताना कानांना ऐकू येतात. तिसऱ्यांदा पुन्हा एक चालू, पण या वेळी लिव्हर हाताने पुढे. तिन्ही खेपा मिळून पंधरा-वीस मिनिटं. तेवढी मिनिटं सक्तीच्या यादीतून काढायची कुठून, हा वेळापत्रक लावणाऱ्याचा प्रश्न आहे. एखाद्या इंजिन-फेल्युअरच्या चौथ्या पुनरावृत्तीतून ती काढायला माझी हरकत नाही.